नव्या बेअरिंगांचा हिवाळा

भात झोडून होतं, पेंढ्याच्या उडव्या रचल्या जातात, आणि रिकाम्या शेतातल्या ओलीवर टाकलेल्या वालाला शेंगा धरतात. मग आमच्या कर्जत-खालापूर भागात संध्याकाळचा एक धूर निघायला लागतो. मडकं उपडं घालून त्याच्याभोवती पेंढा पेटवतात, त्याचा हा धूर. मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, ज्याला जमेल त्याची कोंबडी, आणि वरखाली भांबुर्डीचा पाला. याला पोपटी म्हणतात. भांबुर्डी रस्त्याच्या कडेला उगवते आणि एरवी तिला गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत, पण थंडी पडली की तिला असा काही भाव येतो की विचारू नका. फार्महाउसवाले पाहुणे तर तिच्या जुडीबरोबर फोटो काढून घेतात.

लोकांच्या तोंडाला या वासाने पाणी सुटतं. मला डिझेल आठवतं. डिझेल, ग्रीस आणि नुकतंच धुऊन पुसलेलं लोखंड. कारण पाच-सहा वर्षांपूर्वीचा एक अख्खा हिवाळा मी चौक गावच्या एका गॅरेजात स्टुलावर बसून काढला. पलीकडच्या शेतात रोज कुणी ना कुणी पोपटी लावलेली असायची आणि अलीकडे आमच्या गाडीचं इंजिन खोलून ठेवलेलं असायचं. त्याच हिवाळ्यात आमच्या ह्यांची नजर जात होती.

हे सरळ सांगितलेलं बरं. मी आरोग्यसेविका होते, उभा जन्म लोकांना सुया टोचण्यात गेला. गोलगोल बोलायची सवय मला नाही.

ह्यांचा धंदा गाडी चालवण्याचा. स्वतःची एक पांढरी गाडी, डॅशबोर्डवर छोटी बुद्धमूर्ती, आणि कर्जत स्टेशनाबाहेर झाडाखालची ठरलेली जागा. लग्नाची गिऱ्हाइकं, दवाखान्याची गिऱ्हाइकं, नवीन जागा बघायला शेलूला येणारी जोडपी. सगळे ह्यांना भाऊ म्हणत. गाडी चालवताना हे फार बोलत नसत आणि इकडेतिकडे बघत तर नसतच. गिऱ्हाइकांना त्याचं कौतुक होतं. बायकोला नसतं, पण ते असो.

काचबिंदू कडेकडेने खातो. मधलं समोरचं दिसत राहतं, बाजूचं आधी जातं, त्यामुळे माणसाला कळतच नाही की आपलं काही गेलंय. ह्यांना कळलं ते पेरूंमुळे. बाजारातून येताना डाव्या हाताने एक पेरूवाली आली, ती ह्यांना दिसलीच नाही. गाडीचा आरसा तिच्या टोपलीला लागला आणि पेरू रस्ताभर झाले. बाईला काही झालं नाही, देवदयेने म्हणायची आमच्यात पद्धत नाही, नशिबाने म्हणू. ह्यांनी गाडी कडेला घेतली, खाली बसून पेरू गोळा केले, नको असताना टोपलीभर विकत घेतले आणि चावी माझ्या हातात दिली.

"आजपासून तू," म्हणाले.

मी गाडी शिकले होते ती हौसेखातर. लायसन्स कपाटात साडीच्या घडीत होतं. त्या दिवशी पेरूंच्या वासात बसून मी गाडी घरी आणली ती तीनदा बंद पाडत.

पनवेलच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाजूला घेतलं. गेलेली नजर येत नाही हे मला ठाऊक होतं. उरलेली किती टिकेल, एवढंच मी विचारलं. ते म्हणाले, औषध घालत राहा, पण फार उशिरा आलात, पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकली तरी पुष्कळ म्हणा. हे बाहेर बाकावर बसले होते. त्यांना सांगायची वेळच आली नाही, कारण माझं तोंड त्यांना अजून नीट दिसत होतं.

मग मी ठरवलं की या माणसाला डोळे भरून सगळं दाखवायचं. रजा काढली. मनातल्या मनात यादी केली. वेरूळची लेणी, कोकणातला समुद्र, पुण्याला सुजाताकडे, म्हणजे आमच्या मुलीकडे, जाऊन नातवाचं नुकतं आलेलं दातांचं खिडकीवजा हसू. गाडी मी चालवणार, हे बाजूला बसून बघणार. एक हिवाळा हातात आहे, तो सत्कारणी लावू.

आणि नेमका तेव्हाच गाडीच्या पोटातून ठोका यायला लागला.

मला आधी वाटलं डिकीत काहीतरी सुटं पडलंय. ह्यांनी काच खाली केली, कान बाहेर काढला आणि मला म्हणाले, रेस कर, सोड, परत कर. मग काच वर करून म्हणाले, "बेअरिंग गेलं. इंजिन खोलायला लागणार."

बेअरिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सायकलच्या चाकातल्या गोळ्या येतात. इंजिनातलं बेअरिंग तसं नसतं, हे मला त्या हिवाळ्यात कळलं. बांगडी मधोमध कापली तर कशी दिसेल, तसं ते असतं. दोन अर्ध्या बांगड्या समोरासमोर, आणि त्यांच्या आत क्रँक नावाचा जाड, वेडावाकडा दांडा गरगर फिरतो. सगळ्या गाडीची ताकद त्या दांड्यातून जाते. पण गंमत अशी की तो दांडा आणि ती बांगडी एकमेकांना टेकत नाहीत. दोघांच्या मधे केसाहून बारीक फट असते, तिच्यात तेल असतं, आणि सगळा कारभार त्या तेलावर चालतो. फट फार झाली तर ठोका पडतो, फारच कमी झाली तर दोघं एकमेकांना धरून बसतात आणि इंजिन जाम. हे मला बबन मिस्त्रीने समजावलं तेव्हा मी म्हटलं, सासू-सुनेचंही असंच असतं. बबन इतका हसला की हातातला पाना खाली पडला.

बबनचं गॅरेज चौकला, जुन्या हायवेला लागून, दोन ढाब्यांच्या मधे. माणूस हरहुन्नरी आणि तेवढाच घाईचा. त्याचं म्हणणं सोपं होतं. "भाऊ, गाडी जुनी झाली. मिळतील ती बेअरिंगं टाकू, चार दिवसांत काढू बाहेर. चालून जाईल."

"चालून कुठपर्यंत जाईल?" ह्यांनी विचारलं.

"आता ते काय मी लिहून देऊ?"

सुजाता फोनवर म्हणाली, गाडी विकून टाका, भाड्याने गाडी करून फिरा. मलाही ते पटत होतं. पण ह्यांनी ऐकलं नाही. इंजिन उतरवलं गेलं, क्रँक बाहेर आली. ह्यांनी तिच्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं, नख अडकलं तिथे थांबले आणि म्हणाले, आधी हिला लेथवर घासून गोल करून आणायची, मग मापायची, मग त्या मापाची बेअरिंगं बघायची. बबनची सवय उलटी. आधी बेअरिंगं आणून ठेवायची आणि मग क्रँक त्यांना बसेल तशी घासायची.

"हात बघितल्याशिवाय बांगड्या घेतात काय रं?" हे म्हणाले.

झालं. माझी वेरूळची लेणी चौकलाच अडकली.

क्रँक घासून-मापून आल्यावर खोपोलीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मी त्यांना घेऊन गेले तो दिवस मला चांगला आठवतो. ह्यांनी खिशातून फडक्यात बांधलेला एक लोखंडी अर्धगोल तुकडा काढला. इंजिनातल्या बेअरिंगच्या वर जी टोपी बसते ती. दुकानदाराने काउंटरवर डबे मांडले. हे एकेक अर्धी बांगडी उचलायचे आणि ट्यूबलाइटच्या खाली अगदी नाकाशी धरायचे. मधलं तेवढंच दिसत असल्यामुळे ज्या वस्तूकडे बघायचं तिच्याकडे सगळं तोंड न्यावं लागायचं. पाठीवरचा शिक्का खोल आहे की नुसता घासलेला, कड साफ आहे की खरखरीत, आतला थर सगळीकडे एकसारखा आहे का. फार चकचकीत असलं की बाजूला सारायचे. मग बांगडी त्या टोपीत अंगठ्याने दाबायचे आणि टोपी उलटी करायचे. चांगलं बेअरिंग टोपीपेक्षा जरासं पसरट असतं, दाबलं की टक् आवाज करून बसतं आणि उलटं केलं तरी पडत नाही. ज्याला अंगचा ताण नाही ते गळून पडतं.

"भाऊ, लग्नाला मुलगी बघताय की बेअरिंग?" दुकानदार वैतागून म्हणाला.

"मुलगी बघायला एवढा वेळ नव्हता लागला," हे म्हणाले, आणि तोंड बांगडीकडेच.

त्या दुकानातलं काही पसंत पडलं नाही. एका डब्यात माप बरोबर होतं पण एक जोडी दुसऱ्याच कंपनीची घुसडलेली. ह्यांचं म्हणणं, घ्यायचा तर पूर्ण संच एका घरचा घ्यायचा, निम्मी जुनी निम्मी नवी असला खिचडीकारभार इंजिनात चालत नाही. दुकानदाराने मुंबईहून मागवून देतो म्हटलं. कधी येतील? येतील तेव्हा येतील.

तोवर आम्ही रोज चौकला जात होतो. जाताना टेंपोने, येताना कुणाच्या तरी गाडीत. हे दिवसभर इंजिनाचे भाग धूत बसायचे. तेलाच्या वाटा असतात बारीक बारीक, त्यांच्यातून तार घालून, फडकं ओढून, फुंकर मारून बघायचे. वाळूचा एक कण राहिला तरी नव्या बेअरिंगवर चरा पडतो म्हणे. मी स्टुलावर. समोर हायवेवरून ट्रक जायचे, धरणाच्या बाजूने आलेलं धुकं दहा वाजेपर्यंत हलायचं नाही, माथेरानचा डोंगर दुपारी जरा निळा व्हायचा. मी म्हणायचे, अहो बघा, डोंगर कसा दिसतोय. हे म्हणायचे, हं. मान खाली.

नजर अरुंद झालेल्या माणसाचं एक असतं. तो कशाकडे बघतोय ते लपत नाही. धडधाकट माणूस डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघून घेतो, आपल्याला पत्ता लागत नाही. ह्यांना तोंडच वळवावं लागायचं. त्यामुळे मला रोज अगदी स्वच्छ दिसत होतं की उरलेली नजर हा माणूस कशावर खर्च करतोय. लोखंडावर. मी त्या इंजिनावर जळत होते. पन्नाशी उलटलेली बाई, स्वतःची दोन बाळंतपणं झालेली, लोकांची हजार केलेली, आणि सवत म्हणून कोण, तर डिझेल इंजिन.

शेवटी मी पनवेल गाठलं. तिथल्या एका दुकानात ह्यांनी सांगितलेल्या मापाचा पूर्ण संच मिळाला, डबा झकास, वर चमकणारा शिक्का. मी तो दुपारी गॅरेजात आणून ह्यांच्या मांडीवर ठेवला.

"आज ही घाला. परवा निघू."

ह्यांनी डबा उघडला. एक बांगडी टोपीत दाबली, टोपी उलटी केली. बांगडी अलगद त्यांच्या तळहातावर पडली. त्यांनी दुसरी घेतली. तीही पडली. डबा बंद करून परत माझ्याकडे दिला.

"नकली हायत?" बबनने विचारलं.

"डबा तेवढा खरा हाय."

"तरी घाला," मी म्हटलं. "महिनाभर चालली तरी खूप झालं मला."

"आणि महिन्यानं?"

"महिन्यानं काय व्हायचं ते होईल."

ह्यांनी टोपी फडक्यात गुंडाळून ठेवली. मग म्हणाले, "महिन्यानं तू पळसदरीच्या रस्त्याला गाडी घेऊन उभी असशील. मी बाजूला बसलेला असेन. बॉनेट उघडून मी काय करणार? तुला दोन ओझी होतील. एक बंद गाडी आणि एक मी. त्यातलं एक तरी कमी करून ठेवतोय."

याच्यावर शहाण्या बाईने गप्प बसायला हवं होतं. मी बसले नाही. मी म्हटलं, "मी तीन आठवडे या स्टुलावर बसलेय. तुम्हाला सगळं दाखवायचं म्हणून रजा काढलीय. लेणी राहू द्या, समुद्र राहू द्या. माझ्याकडे एकदा तरी तोंड वळवलंत का? उद्या दिसायचं बंद झालं की मी कशी दिसत होते ते या क्रँकला विचारणार आहात?"

बबन चहा सांगून येतो म्हणाला आणि गेला तो बराच वेळ आला नाही.

हे फडक्याने हात पुसत राहिले. पलीकडच्या शेतातून धूर यायला लागला होता. तिथल्या माणसांनी आम्हाला हाक मारली, रोजचीच ओळख झाली होती. आम्ही दोघं बांधावर जाऊन बसलो. मडकं सुलटं केलं, पाला बाजूला केला, वाफ आली. ह्यांनी शेंगा सोलून दाणे माझ्या हातावर ठेवले. एक, दोन, चार, मूठभर. स्वतः खाल्ले की नाही आठवत नाही. त्यांच्या बोटांना डिझेलचा वास होता आणि दाणे गरम होते. माझा राग गेला नव्हता, पण मी खाल्ले.

मुंबईहून चांगला संच आला त्या दिवशी ह्यांनी बबनला आणि मला साबणाने हात धुवायला लावले. कोपरापर्यंत. बाळंतपणाच्या खोलीत आम्ही धुतो तसे. मला वाटलं आता हे बसवतील आणि आम्ही बघू. पण त्यांनी पहिली बांगडी माझ्या हातात दिली.

"तू बसव. तुझे हात स्वच्छ काम करतात. आतल्या बाजूला बोट लावू नको."

मी दाबली. टक्. उलटी केली. पडली नाही. ते एवढंसं टक् मला अजून बोटात ऐकू येतं. मग तेल लावलं, क्रँक अलगद खाली ठेवली, टोप्या बसवल्या. बबन एकेक टोपी मापाने आवळायचा, आणि प्रत्येक टोपीनंतर हे म्हणायचे, फिरव. मी दोन्ही हातांनी क्रँक फिरवायची. जड, पण कुठेही न अडखळता फिरायची ती. एखादी टोपी आवळल्यावर क्रँक अडली तर तिथेच थांबून काय चुकलं ते शोधायचं, अशी ती रीत. शेवटची टोपी आवळली तरी ती फिरत होती. बबन म्हणाला, "वहिनी, आता गॅरेज टाका." मला हसू आलं आणि का कोण जाणे डोळ्यांत पाणीही आलं.

इंजिन चढवलं, चालू केलं, आवाज असा की देगचीत मंद आचेवर भात रटरटतोय. मी मनात परत वेरूळचा रस्ता आखायला घेतला. तेवढ्यात बबनने पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून मागच्या काचेला लावलं, इंजिन रनिंगमध्ये आहे.

म्हणजे काय, तर नवी बेअरिंगं, पिस्टनवरच्या नव्या रिंगा एकमेकांच्या अंगवळणी पडेपर्यंत गाडी हळू चालवायची. चाळीसच्या वर नाही. घाट नाही. वजन नाही. लांबचा सरळ पल्ला नाही. जवळच्या जवळ, कधी जरा वेग, कधी जरा कमी. उन्हाळा लागेपर्यंत हेच.

मी कपाळाला हात लावला. मिळेल ती बेअरिंगं घातली असती तरी बबनने पुठ्ठा लावलाच असता, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला वाटलं, या माणसाने आपला सगळा हिवाळा इंजिनाच्या पायी घालवला.

तर आम्ही चाळीसने निघालो. रोज सकाळी. कधी कशेळेच्या बाजूला, कधी पळसदरी, कधी खालापूर. चाळीसने गेलं की आपलाच मुलूख किती मोठा आहे ते कळतं. वीटभट्ट्यांचा लाल धूर, वालाच्या शेतात बसलेले बगळे, डोक्यावर मोळ्या घेऊन डोंगरातून उतरणाऱ्या ठाकूर बायका एका ओळीत, लांब ठाकूरवाडीच्या बाजूला घाट चढणारी आगगाडी आणि तिला मागून ढकलणारी इंजिनं. सगळ्या गाड्या आम्हाला मागे टाकायच्या. रिक्षावालेसुद्धा. एक बैलगाडी तेवढी आम्ही गाठली असेल. मागचे हॉर्न वाजवायचे, मग पुठ्ठा वाचायचे आणि शिव्या आवरून पुढे जायचे.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी, पळसदरीच्या अलीकडे, सोनगिरीवर कोवळं ऊन पडलं होतं. मी म्हटलं, "अहो, सोनगिरी बघा."

उत्तर आलं नाही म्हणून मी क्षणभर वळून पाहिलं. त्यांचं तोंड माझ्याकडे होतं. सगळंच्या सगळं, मानेसकट वळवलेलं.

"इकडे काय? डोंगर तिकडे आहे."

"बघितलाय तो. लहानपणापासून बघतोय."

"आणि मला नाही बघितलं तीस वर्षं?"

"गाडी चालवताना नाय बघितलं," हे म्हणाले. "कायम मीच चालवत होतो. तू बाजूला. ड्रायव्हरनं बाजूला बघायचं नसतं गं."

मी रस्त्याकडे बघत राहिले. मला बघताच येत नव्हतं त्यांच्याकडे, ड्रायव्हर मी होते. तीस वर्षं त्यांनी हे असं सोसलं असणार, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. गालावर ऊन पडल्यासारखं वाटत होतं, आणि ऊन तर पलीकडच्या बाजूला होतं.

त्यानंतर रोज तसंच. कशेळ्याच्या वळणावर, खालापूरच्या बाजारात, फाटकाशी थांबलो असताना. मी पदर नीट करायला लागले, केस नीट बांधायला लागले. आरोग्यसेविकेच्या पांढऱ्या साडीत जन्म गेला होता, मी कपाटातल्या रंगीत साड्या काढल्या. एके दिवशी मोरपंखी नेसले तर म्हणाले, अशा काठांची ही कधी घेतलीस? मी म्हटलं, आपल्या सुजाताच्या लग्नात. तेव्हा दिसले नाहीत, म्हणाले. तेव्हा तुम्ही वऱ्हाडाच्या गाडीवर होतात, मी म्हटलं. खरं सांगते, नवी नवरी असताना मला कुणी असं बघितलं नव्हतं. आमच्यात तेव्हा तशी पद्धतही नव्हती. माणूस बायकोला बघतो ते येताजाता, ताट वाढताना, आजारी पडल्यावर. मन लावून बघायला वेळ कुणाला असतो?

चाळीसच्या वर मी गाडी नेली नाही. पुढे पुढे पस्तीसनेच चालवायला लागले.

पाऊस यायच्या आत रनिंग संपलं, बबनने तेल बदललं आणि पुठ्ठा काढला. पाऊस आला आणि नजरेचा तो मधला गोलही मिटत गेला. आधी वर्तमानपत्र गेलं, मग ताटातला पदार्थ, मग मी. कुठल्या दिवशी गेले ते मला माहीत नाही. त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

आता ते बरे आहेत. रेडिओ ऐकतात, काठी घेऊन नाक्यापर्यंत जातात, स्टेशनवरचे जुने सोबती घरी येऊन बसतात. मी निवृत्त झाले, केस पांढरे झाले, एक दाढ गेली. हे सगळं त्यांना ठाऊक नाही असं नाही, सांगितलेलं आहे. पण सांगितलेलं आणि दिसलेलं यात फरक असतो. त्यांच्याजवळ मी त्या हिवाळ्यातली आहे, मोरपंखी साडीतली, दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट. लोक म्हणतील, बरंच आहे की, बाई म्हातारी होत नाही. मला ते बरं वाटत नाही. त्यांना आजची मी दिसायला हवी आहे. सुरकुत्या पडलेली, जरा जाड झालेली, आता एका हाताने गाडी वळवणारी. मला बघितलं जायचंय. या वयात बाईने हे बोलू नये म्हणतात, म्हणून लिहितेय.

आणि गाडी? गाडीला काही म्हणता काही झालेलं नाही. त्या बेअरिंगांवर आम्ही कोकण बघितलं, वेरूळ बघितलं, म्हणजे मी बघितलं आणि त्यांना सांगितलं. पावसात, उन्हात, धाकट्या नातवाच्या बारशापासून ते कुणाकुणाच्या अंत्ययात्रेपर्यंत ती कुठे थांबली नाही. पळसदरीच्या रस्त्यावर मी एकदाही उभी राहिले नाही.

यंदा थंडी पडली, शेतात धूर दिसायला लागला, आणि परवा मी गाडी चौकला घेतली. हे बाजूला होते. बबनला म्हटलं, इंजिनातून ठोका येतोय, बघ जरा.

बबनने लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली. मला रेस करायला लावलं, सोडायला लावलं. इकडे ऐकलं, तिकडे ऐकलं. तेलाची कांडी काढून बोटावर तेल चोळलं.

"काय नाय वहिनी. घड्याळावानी चाललंय."

"नीट ऐक. खोलून बघायला लागेल कदाचित."

"खोलू कशाला? भाऊनं पारखून घेतलेली बेअरिंगं हायत ती. तुमी जाल, मी जाईन, ती नाय जायची."

एवढा वेळ हे काच खाली करून बसले होते. सुईच्या टोकाएवढा आवाज ओळखणारा माणूस, पण एक अक्षर बोलले नाहीत. बबन दुसऱ्या गाडीकडे गेला. मी आत येऊन बसले, दार लावलं.

"आवाज नव्हता," हे म्हणाले.

"नव्हता."

"मग कशाला आणलीस?"

मी त्यांना खरं ते सांगितलं. म्हटलं, खोलायला लागलं असतं तर बरं झालं असतं. परत धुवायला बसलो असतो. परत हळू चालवायला लागली असती.

 मग त्यांचा हात चाचपडत गिअरच्या दांड्यावर आला, तिथे माझा हात होता.

"परत खोललं तरी मला दिसायचं नाय, शोभा."

"माहीत आहे," मी म्हटलं, आणि चावी फिरवली. एका चावीत सुरू झाली, मेली.